दांडी जड हवी

माझ्या सख्ख्या भावाने माझ्या नवऱ्याच्या तोंडावर लोखंडी पाना मारला, तो बोटीच्या गाडीला एक्सल एक लावायचा की दोन यावरून. लोकांना सांगितलं की हसतात. बांधावरून डोकी फुटलेली त्यांना चालतात, एक्सलवरून म्हटलं की गंमत वाटते. हसा बापडे. मी तिथे उभी होते, माझ्या हातात ग्राइंडर होता आणि तो चालू होता.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेड, गेट, जे येईल ते लोखंडाचं काम आम्ही करतो. लग्न होऊन आले तेव्हा मला वेल्डिंगच्या ठिणगीची भीती वाटायची. आता मी मारलेला टाका गिऱ्हाईक बोटाने चाचपून बघतं आणि गप्प बसतं. नवरा शांत आहे, पण शांत माणसाचा हट्ट गंजलेल्या नटासारखा असतो. आवाज करत नाही, फक्त हलत नाही. माझं तसं नाही. आमच्या माहेरी, सायखेड्याला, आधी हात उठतो आणि मग काय झालं म्हणून विचारतात.

भाऊ माझ्याहून धाकटा. गावात नदीकाठच्या गल्लीत आमचं घर होतं, आणि गावापासून लांब, उंचावर, मळा. धरणांतून पाणी सोडलं की गोदावरी दार न वाजवता आत येते, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. भांडी उचलायची, जनावरं सोडायची, मळ्यावर जायचं, पाणी उतरलं की गाळ काढायचा. शिव्या देत, पण हसत हसत करायचं सगळं.

मग एका वर्षी पाणी नेहमीपेक्षा लवकर आलं. भाऊ मळ्यावर होता. गल्लीतली माणसं बाहेर पडली, भावजयही पडली, आणि शेळी राहिली म्हणून परत फिरली. तेवढ्यात शेजारची भिंत वाटेत कोसळली. भावजय घरात अडकली आणि खिडकीचे गज धरून उभी राहिली.

बोट आली होती. हे लक्षात ठेवा, बोट वेळेत आली होती. मदतीला कुठूनशी आलेली, चार चाकांच्या गाडीवर बांधलेली चांगली भक्कम बोट. पण मारुतीच्या पाराजवळ आमची गल्ली काटकोनात वळते, आणि तिथे ती गाडी अडकली. दोन एक्सल, म्हणजे चाकांच्या दोन जोड्या, एकामागे एक असले की गाडी जागच्या जागी वळत नाही. पुढच्या चाकांना एकीकडे जायचं असतं, मागच्यांना दुसरीकडे, आणि टायर चिखलात रुतून बसतात. माणसांनी ती रेटली, उचलली, लाथा घातल्या. मळ्यावरून धावत आलेला भाऊ त्यांच्यातच होता, चाकाखाली खांदा घालून. कोपऱ्यापलीकडून भावजयीचा आवाज येत होता. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मरतानाही तिने घेतलं नाही. ती नुसती विचारत होती, "अवो, आले का?" भाऊ इकडून ओरडत होता, "आलो! आलो!" शेवटी लोकांनी बोट गाडीवरून खाली ओढली आणि हातांवर उचलून नेली, तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं.

त्यानंतर भाऊ गल्लीतल्या घरात राहिला नाही. मळ्यावरच राहू लागला, आणि त्याने एकच ध्यास घेतला. गावाची स्वतःची बोट असायला हवी आणि ती पाण्याला वेळेत लागायला हवी. गावच्या मंडळींना घेऊन त्याने एक जुनी फायबरची बोट मिळवली. तिच्या मागच्या टोकाला इंजिन, चांगलं वजनदार. तिच्यासाठी गाडी करायची होती, आणि घरचा जावईच फॅब्रिकेशनवाला असताना दुसरीकडे कुठे जाणार?

नवऱ्याने गाळ्यातल्या फरशीवर खडूने गाडीचा आराखडा काढला. एक्सलच्या जागी दोन रेघा मारल्या. भाऊ कमरेवर हात ठेवून बघत होता.

"दाजी, एकच टाका," तो म्हणाला.

"बोटीचं वजन बघितलंस का? त्यात इंजिन मागे. एका एक्सलवर रस्त्याला शेपूट हलवेल ती. टायर फुटला तर उलटीच. दोन असले की एक टायर गेला तरी दुसरा धरतो."

"रस्त्यानं हळू आणू. पण गल्लीत हातानं वळाया पाहिजे."

"अरे, गल्ली केवढी, रस्ता केवढा! बोट मळ्यावर राहणार, आणि मळ्यापासून गावापर्यंत सगळा रस्ताच आहे."

"रस्त्यात कुणी मेलं नाय, दाजी. गल्लीत मेलं."

खरं सांगते, दोघेही बरोबर होते आणि तेच वाईट होतं. एक जण चुकत असला की भांडणाला कुठेतरी शेवट असतो. नवरा गाडी रस्त्यावर बघत होता, कारण त्याच्या गाड्या रस्त्यावर चालतात. भाऊ ती पाराच्या कोपऱ्यावर बघत होता, कारण तो तिथून हललाच नव्हता. दोघांचा आवाज चढत गेला. माझा भाऊ म्हणाला, चार चाकांनी माझी बायको खाल्ली. तिथे नवऱ्याने गप्प बसायला हवं होतं. पण नट गंजलेला.

"पाव्हणं," तो म्हणाला, "रडून गाडी बनत नसते."

पाना कधी उचलला ते मला दिसलं नाही. आवाज ऐकू आला, नारळ फुटावा तसा. नवरा लोखंडी चॅनलच्या थप्पीवर मागे पडला आणि त्याचा एक दात फरशीवर आला, खडूच्या रेघेशेजारी. ओठ नाकापर्यंत फाटला होता. मी ग्राइंडर बंद केला, एवढं भान राहिलं, आणि भावाच्या थोबाडीत दोन वाजवल्या, लहानपणी वाजवायचे त्याहून जोरात. त्याने मला हात लावला नाही. कोपऱ्यातला जॅक उचलून त्याने पत्र्याच्या भिंतीवर फेकला, तो पत्रा फाडून बाहेर गेला. शेजारच्या गाळ्यातली माणसं धावून आली. जावयाच्या अंगावर हात! आमच्या माहेरी दाजी दारात आला की सासरा उठून उभा राहतो, आणि इथे जावई रक्त ओकत होता.

त्याने रक्त थुंकलं, तोंड पुसलं, आणि फाटक्या ओठांनी म्हणाला, "डबल."

त्या क्षणी मला त्यालाही एक ठेवून द्यावीशी वाटली. मरायला टेकला तरी डबल! मी पुढे झाले आणि चपलेने एक्सलच्या दोन रेघांतली एक पुसून टाकली. रक्तही सांडलं होतं, ते खडूत कालवलं गेलं. मी म्हणाले, "एकच एक्सल होईल. वेल्डिंग मी करणार. ज्याला पटत नाही त्याने गाळ्याबाहेर जावं." भाऊ बाहेर गेला. नवरा टाके घालून घ्यायला गेला. मी फरशी धुतली आणि मग खूप वेळ रडले, कुणासाठी ते मला नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा सुजलेलं तोंड घेऊन कामाला आला. खडू घेऊन त्याने राहिलेली रेघ पुसली आणि आणखी मागे मारली. त्याचं म्हणणं त्याने मला हातवारे करून समजावलं, कारण ओठ उघडत नव्हते. एका एक्सलच्या गाडीचा जीव दांडीत असतो. दांडी म्हणजे गाडीचा पुढचा दांडा, जो ओढणाऱ्या पिकअपच्या हुकात अडकतो. दांडीवर भार दाबून राहिला तर गाडी मुकाट मागे येते. भार मागे गेला, दांडी हलकी झाली, की वेगात गाडी डावी-उजवी फटके मारायला लागते आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जाते. म्हणून एक्सल मागे घ्यायचा, आणि बोटीचं नाक जिथे टेकतं तो पुढचा खुंट असा पक्का करायचा की बोट मागे सरकणारच नाही. दांडी उचलायला दोन माणसं लागली पाहिजेत. एकाने उचलली तर समजायचं, गाडी खुनी आहे.

गाडी झाली. देखणी झाली. भाऊ न्यायला आला तेव्हा दोघांत अबोला होता. एका छपराखाली उभे राहून दोघे माझ्यामार्फत बोलत होते. "तुझ्या भावाला सांग, दांडी जड राहील, ती तशीच ठेवायची." मी सांगितलं. "दाजींना सांग, कळलं." मी तेही सांगितलं. का जड ठेवायची हेही मी त्याला दोनदा सांगितलं. तो हं हं करत गाडीवर चढवलेल्या बोटीच्या दोऱ्या आवळत होता, आणि त्याची नजर दांडीखाली वाकलेल्या दोन गड्यांवर होती.

आता आमच्या माहेरची खोड सांगते. आमचे वडील बैलगाडीवाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद-लोणी लावून चोळायचे. वडील चोळायचे आणि भावाला सांगायचे, गाडीचा भार कधी बैलाच्या खांद्यावर टाकू नये, माल जरा मागे भरावा, जू अलगद उचललं गेलं पाहिजे. मागे भार जास्त होऊन पुढची बाजू वर उचलली गेली की त्याला उलाळ म्हणतात. वडील म्हणायचे, गाडी पार उलाळ होऊ देऊ नये, पण उलाळीच्या अंगाला ठेवावी, बैल दुवा देतो. भावाला ते इतकं मुरलं होतं की पिकअपच्या हुकावर दाबून बसलेली दांडी त्याला बघवेना. गावात गेल्यावर त्याने तिथल्या वेल्डरकडून खुंट कापून घेतला, मागे सरकवून पुन्हा लावला, आणि दांडी एका हाताने उचलून सगळ्यांना दाखवली. आमच्या दाजींना लोखंड कळतं, बैल कळत नाही, असं म्हणाला म्हणे. बिनबैलाच्या गाडीवर त्याने दया केली.

हे मला कळलं ते राखीच्या दिवशी. मी एकटीच मळ्यावर गेले होते. नवऱ्याने यायचं नाव काढलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. राखी बांधून झाली, ताटातलं ताटात होतं, तोवर फोन वाजायला लागले. पाणी सोडलं होतं. नदी गल्लीत शिरली होती आणि बांगड्यावाले चाचा-चाची घराच्या पत्र्यावर चढून बसले होते. त्या चाचीने माझ्या लग्नात माझ्या हातात चुडा भरला होता, भावजयीच्याही. भाऊ ताटावरून उठला तो पिकअपपाशीच. गाडी जोडताना त्याने दांडी एका हाताने उचलून हुकात टाकली. मी त्याचा दंड धरला.

"खुंटाला काय केलंस?"

"ताई, बस नाहीतर राहा."

मी बसले. मागे पोहणारी पोरं चढली. भाऊ हळू आणू म्हणाला होता, पण तशा वेळी हळू कोण आणतं? ओला रस्ता, पिकअप सुसाट, आणि पहिल्या उताराला मागून एक धक्का आला, कुणी कमरेत लाथ घालावी तसा. मग दुसरा, पलीकडून. आरशात बोटीचं तोंड एकदा डावीकडे दिसलं, एकदा उजवीकडे. पोरं बोंबलली. मी ओरडले, "ब्रेक नको मारू!" त्याने मारला. मागच्या गाडीने पिकअपची शेपूट उचलून बाजूला फेकली, आम्ही आडवे झालो, एक बाभूळ मोडली, आणि सगळं रस्त्याकडेच्या चारीत जाऊन आदळलं. माझं कपाळ काचेवर फुटलं. डोळ्यात रक्त उतरलं, पण मी पहिल्यांदा मागे बघितलं. गाडी चारीत तिरपी उभी होती, बोट पट्ट्यांवर लटकत होती, इंजिन जाग्यावर होतं. पोरं लंगडत उठत होती.

भाऊ खाली उतरला आणि गाडीच्या चाकाला लाथा घालू लागला. नवऱ्याच्या नावाने शिव्या देऊ लागला, ज्याचं त्याने ऐकलं नव्हतं त्याच नवऱ्याच्या. माझा संताप असा उसळला की मी त्याची गचांडी धरून त्याला पिकअपवर आपटलं. मग नवऱ्याला फोन लावला आणि फोन भावाच्या कानाला दाबून धरला. पाना लागल्यापासून ते दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

"दाजी, गाडी फेकली," भाऊ म्हणाला.

"दांडी किती जड आहे?" मला पलीकडचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"एका हातानं उचलतीय. खुंट मागं घेतलाय."

"मग तू मरशील आणि माझ्या बायकोला मारशील. घण आहे का? खुंट तोड. बोट पुढे घे. दोघांना उचलावी लागली पाहिजे." आणि मग, "ती बरी आहे का?"

"हाय," भाऊ म्हणाला, माझ्या कपाळाकडे न बघता.

त्याने घण घेतला. इतक्या रागाने लोखंडावर घाव घालताना मी माणूस पाहिलेला नाही, आणि लग्नापासूनचा माझा सगळा जन्म लोखंडात गेलाय. गावच्या वेल्डरचा टाका होता, म्हणून तुटला. माझा असता तर त्याचे हात तुटले असते. कुणीतरी ट्रॅक्टर आणला, गाडी चारीतून ओढली. सगळ्यांनी मिळून बोट पुढे रेटली, दोरांनी करकचून बांधली. दांडी उचलायला भाऊ आणि मी वाकलो, आणि पाठ कडकडली तेव्हा मला बरं वाटलं. पिकअपची एक बाजू चेपली होती, पण ती सुरू झाली. मग मात्र गाडी मागून गरीब गाईसारखी आली. दोन एक्सल असते तर ती त्या चारीत कदाचित गेलीच नसती, हे मी आजही नवऱ्यापुढे कबूल करते.

पण पाराच्या कोपऱ्यावर ती अडकून राहिली असती. तिथे आम्ही पिकअप सोडली, दांडी माणसांनी हातात घेतली, आणि गाडी एका चाकावर गिरकी घेतल्यासारखी वळली. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. इतक्या सहज वळली की धरणारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी भावाकडे बघितलं. तो भिंतीला हात लावून उभा होता. मग तो पुढे आला, बोट पाण्यात लोटली, आणि इंजिनची दोरी ओढली.

गल्लीत नदी पिसाळलेली होती. दारं, पिंपं, गॅसच्या टाक्या, फुगलेलं रेडकू, सगळं भिंतींवर आपटत येत होतं. एक लाकडी खांब बोटीच्या अंगावर असा आदळला की फायबरला चीर गेली. भाऊ वाकला नाही. चाचांच्या पत्र्याला बोट घासत लावली, आधी चाचीला ओढलं, मग चाचांना. चाचीचा हात पत्र्याने कापला होता आणि ती रडत नव्हती, चाचांवर ओरडत होती, तुम्हाला आधीच सांगितलं होतं, निघू या म्हणून. बोट परत फिरली तशी कंबरभर पाण्यात उभं राहून मी दोर ओढून घेतला. आमच्या मागे त्यांचं घर बसलं. आवाजसुद्धा मोठा झाला नाही, पत्रा नुसता पाण्याखाली गेला.

लोकांनी भावाला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. पाठीवर थापा मारल्या, कुणी मिठी मारली. मला वाटलं, आता तरी ह्याच्या जिवाला थंडावा मिळेल. वेळेत पोचायचं होतं, पोचला. पण तो बाजूला झाला. पाराच्या ओट्यावर बसून एकदा कोपऱ्याकडे बघत होता, एकदा पाण्याकडे.

"ताई," त्याने विचारलं, "कोपऱ्यापासून पाण्यापर्यंत लय वेळ लागला का?"

"नाही रे. लगेच तर गेलात."

"म्हणजे तवाबी पोचता येत होतं," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्याच्याकडे धावले, पण त्याने सुरुवात केली होती. दोन्ही मुठींनी तो स्वतःच्या तोंडावर मारत होता, न ओरडता, एकामागून एक, घण घालावा तसा. मी त्याचे हात धरले. तो माझ्याहून ताकदवान, त्याने मला ओट्यावरून चिखलात खेचलं, माझं डोकं पुन्हा फुटलं, पण मी सोडलं नाही. चाची आपला कापलेला हात विसरून ओरडत होती, अरे कोणीतरी धरा त्याला, धरा. मी धरलंच होतं.